बाजारातला अर्जनवीस आणि पेढीवरचा मुनीम

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात व्यापारी व पालक मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा वाढवून)



मेळाव्यात मी जे चार शब्द बोललो, ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत असा कार्यकारी मंडळाचा आग्रह झाला, म्हणून हा लेखनप्रपंच. मी पेशाने शाळामास्तर. यंत्राचा तज्ज्ञ नव्हे आणि व्यापारीही नव्हे. तेव्हा "या गुरुजींनी आम्हा धंदेवाल्यांना चॅटजीपीटीच्या गोष्टी का सांगाव्यात?" असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे. तो प्रसंगच आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी एके दिवशी संध्याकाळी घरी आला. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मजूर पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात तो हिशेबाचे काम करतो. वडील गॅरेजमध्ये मिस्त्री. घराण्यातला हा पहिला पदवीधर. नेहमी हसतमुख असणारा हा मुलगा त्या दिवशी खाली मान घालून बसला. चहा निवून गेला तरी कपाला हात लावीना. शेवटी म्हणाला, "सर, माझी नोकरी बहुतेक जाते."

घडले होते ते असे. शेठनी त्याला साठ मजुरांची यादी दिली होती. यादीत नावे, आधार क्रमांक, बँकेचे खाते, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, हजेरी, सगळे काही. सोबत पुढच्या वर्षाच्या दराचे कोटेशन. यादी नीट लावून इंग्रजी पत्रासह संध्याकाळपर्यंत कारखान्याला पाठवायची होती. पोराने सगळा मजकूर मोबाइलवरच्या फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकला. तीन तासांचे काम दहा मिनिटांत झाले. शेठ खूश झाले आणि त्यांनी कौतुकाने विचारले, "एवढ्या लवकर कसे जमवलेस?" पोराने भाबडेपणाने खरे ते सांगितले. शेठचा चेहरा बदलला. मजुरांची माहिती व दर तिसऱ्या कोणालाही दाखवायचे नाहीत, असे कारखान्याशी झालेल्या करारात लिहिलेले होते. शेठनी एकच प्रश्न विचारला, "ही यादी तू कोणाच्या हाती दिलीस?" पोराजवळ उत्तर नव्हते.

नोकरी गेली नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण दोन महिने त्याच्या हातातून हिशेब काढून घेतला होता. त्या दिवशी त्याला रागवायला मी तोंड उघडले आणि तसाच गप्प बसलो. कारण शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या घाईत मी स्वतः मुलांच्या पालकांच्या उत्पन्नाची यादी, नावांसकट, अशाच एका यंत्रात टाकलेली होती. मला कोणी विचारले नाही, म्हणून माझी चूक झाकून राहिली. दोघांत फरक तेवढाच. त्या रात्रीपासून मी या विषयावर वाचू लागलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आता मूळ विषयाकडे वळू. तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस आपण सर्वांनी पाहिला आहे. कोणीही जावे, हकीकत सांगावी, तो झोकदार भाषेत अर्ज लिहून देतो. हुशार माणूस. पण तो आपला नोकर नव्हे. शेजारच्या बाकावर आपला प्रतिस्पर्धी बसलेला असू शकतो. पूर्वीच्या पेढीवर दुसरा एक माणूस असे, तो म्हणजे मुनीम. रोजमेळ, खतावणी, कोणाची किती उधारी, कोणाची किती पत, हे सर्व त्याला ठाऊक. इंग्रजीत तो अर्जनवीसाइतका तरबेज नसेल, पण घरची गोष्ट घरात राही.

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी जगापुढे आले. नंतर जेमिनी, क्लॉड, डीपसीक अशी अनेक यंत्रे आली. हे झाले बाजारातले अर्जनवीस, सर्वांसाठी खुले. याच तंत्राने एखादी कंपनी केवळ आपल्या माणसांसाठी, आपल्या कागदपत्रांवर चालणारा सहायक तयार करवून घेते. तो झाला पेढीवरचा मुनीम. धंद्यासाठी यांपैकी कोणता घ्यावा, हा आजचा प्रश्न आहे.

बाजारातल्या अर्जनवीसाला आपण जे सांगतो त्याचे काय होते, हे आधी पाहू. आपण टाइप केलेला मजकूर आपल्या मोबाइलमध्ये राहत नाही. तो त्या कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकांवर जातो. वैयक्तिक खात्यावरची संभाषणे यंत्राला पुढचे शिक्षण देण्यासाठी वापरली जाऊ शकतात. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये ते बंद करण्याची सोय आहे, पण ती आपण शोधून बंद करावी लागते. धंद्यासाठी पैसे भरून घेतलेल्या खात्याचे तसे नाही. तेथे ग्राहकाचा मजकूर शिकवणीसाठी आपण होऊन वापरणार नाही, असे ओपनएआय करारात लिहून देते. तेव्हा फुकट आणि विकत यांत फरक फक्त वेगाचा नाही, कराराचाही आहे.

"पण सर, आम्ही नंतर पुसून टाकतो ना!" असे एका दुकानदार मित्राने मला सांगितले. त्यांना मी एक हकीकत सांगितली. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने ओपनएआयवर दावा लावलेला आहे. त्या दाव्यात मे 2025 मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने, वापरणाऱ्यांनी पुसलेली संभाषणेसुद्धा जपून ठेवावीत, असा आदेश कंपनीला दिला होता. हे बंधन त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये उठले. पण पुसले म्हणजे पुसले गेलेच, असे धरून चालू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

ही चूक केवळ आपल्या शिरूरच्या पोराने केली असे समजू नका. 2023 साली दक्षिण कोरियातील सॅमसंगसारख्या बलाढ्य कंपनीच्या अभियंत्यांनी काम सोपे व्हावे म्हणून आपल्या सॉफ्टवेअरचा अंतर्गत मजकूर चॅटजीपीटीत टाकला. गोष्ट बाहेर आली आणि मे 2023 मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना अशी यंत्रे वापरण्यास बंदी केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सॅमसंगने 'गाउस' नावाचे स्वतःचे यंत्र जाहीर केले. ज्या एलजी कंपनीचा कारखाना आपल्या रांजणगावात आहे, तिच्या समूहानेही 2024 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'चॅट-एक्झावन' हा स्वतःचा सहायक आणला. आपल्या देशात केंद्रीय अर्थमंत्रालयाने 29 जानेवारी 2025 च्या परिपत्रकाने, सरकारी माहितीची गुप्तता धोक्यात येते या कारणास्तव, चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधने कार्यालयीन संगणकांवर वापरू नयेत, असे कळवले. मोठमोठ्यांनी ठेच खाल्ली. आपण मागून चालणाऱ्यांनी शहाणे व्हावे.

मग काय, प्रत्येकाने आपापला मुनीम ठेवावा? थोडे थांबा. मुनीम ठेवण्याचे प्रकार तीन, आणि त्यांचा खर्चही निरनिराळा.

पहिला प्रकार म्हणजे बाजारातलेच यंत्र, पण धंद्याच्या कराराने घेतलेले. दरमहा माणशी काही रक्कम भरायची. तयार करण्याची खटपट नाही. पाच-दहा माणसांच्या ऑफिसाला हे झेपते.

दुसऱ्या प्रकारात यंत्राला आपली कागदपत्रे जोडून देतात. दरपत्रके, नियम, जुने पत्रव्यवहार, मशीनची माहितीपुस्तके. प्रश्न विचारला की तो सहायक आधी त्या कागदांतून संबंधित उतारे शोधतो आणि त्यांच्या आधारे उत्तर देतो. कोणत्या कागदावरून उत्तर दिले हे तो दाखवू शकतो, म्हणून पडताळा घेता येतो. मोठ्या कंपन्यांत मुख्यतः हीच पद्धत आहे.

तिसऱ्या प्रकारात यंत्रच आपल्या संगणकावर बसवायचे. मेटा कंपनीचे 'लामा', गूगलचे 'जेमा' अशी काही यंत्रे उतरवून घेता येतात आणि ती इंटरनेटशिवायही चालतात. मजकूर ऑफिसाबाहेर जात नाही. पण त्यासाठी चांगल्यापैकी ताकदीचा संगणक लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो, आणि साध्या संगणकावर बसणारी लहान यंत्रे मराठीत अडखळतात.

घरच्या मुनिमाचा फायदा कसा होतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. दौंडपलीकडे बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाची मदत घेऊन उसाच्या शेतीवर प्रयोग चालवला आहे. शेतातील मातीची ओल मोजणारी उपकरणे, हवामानाची नोंद आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून शेतकऱ्याला त्याच्या मोबाइलवर मराठीतून सल्ला मिळतो. "उसाला पाणी केव्हा द्यावे?" असे खुल्या चॅटबॉटला विचारा. तो पुस्तकातले उत्तर देईल, ते चुकीचेही नसेल. पण तुमच्या वावरात काल किती ओल होती, हे त्याला काय ठाऊक? आपल्या धंद्याची खास माहिती जेथे उत्तराचा जीव असते, तेथे मुनिमाला तोड नाही.

पण मुनिमावरही डोळे झाकून विसंबू नये, हे मी ठासून सांगतो. कॅनडातील एअर कॅनडा या विमान कंपनीने आपल्याच संकेतस्थळावर चॅटबॉट ठेवला होता. घरात मृत्यू झालेल्या एका प्रवाशाने सवलतीच्या भाड्याबद्दल विचारले. प्रवास झाल्यावरही सवलत मागता येईल, असे त्या यंत्राने ठोकून दिले. कंपनीचा नियम नेमका उलट होता. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा चॅटबॉट जे बोलला त्याची जबाबदारी आमच्यावर नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशाला भरपाई देवविली. मुनीम चुकला तर पेढीचा मालक जबाबदार, हा जुनाच कायदा झाला.

आपल्याकडचे उदाहरण तर अगदी जवळचे आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्या आदेशात आधाराला घेतलेले तीन न्यायनिर्णय जगात अस्तित्वातच नव्हते! यंत्राने पुढे केलेले दाखले पडताळल्याखेरीज वापरू नयेत, अशी समज न्यायालयाने दिली. ही यंत्रे उत्तर माहीत नसले तरी त्याच आत्मविश्वासाने बोलतात. परीक्षेत पान कोरे सोडायचे नाही म्हणून काहीतरी लिहून देणारे विद्यार्थी आम्हा शिक्षकांना चांगले परिचयाचे आहेत. या यंत्रांची जात तीच. अक्षर सुंदर, म्हणून पूर्ण गुण देऊ नयेत.

आणखी एक अडचण फारशी कोणी बोलत नाही. मुनीम चोपडीवर चालतो. चोपडीच नसेल तर मुनीम काय करील? आपल्यापैकी किती दुकानांत दरपत्रक एका ठिकाणी आहे? उधारी कोणाच्या डोक्यात, बिले खोक्यात, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, आणि जुना भाव वडिलांच्या आठवणीत. अशा दुकानाने लाख रुपये खर्चून स्वतःचा सहायक करवून घेतला, तर तो सहायक गोंधळच अधिक वेगाने करील. शिवाय घरातली सगळी चोपडी एकाच मुनिमाच्या हाती दिली, की आणखी एक प्रश्न येतो. गोदामातल्या पोराने सहज विचारले आणि यंत्राने मॅनेजरचा पगार सांगून टाकला, तर? म्हणून कोणी कोणता कागद पाहावा, याच्या कुलपे-किल्ल्या आधी ठरवाव्या लागतात.

मग निवड कशी करावी? मी तीन प्रश्न सुचवतो. ते पाठ करण्याइतके सोपे आहेत.

पहिला प्रश्न, हा मजकूर कोणाचा? माझा स्वतःचा असेल आणि उद्या बाजारात कळला तरी बिघडत नसेल, तर खुशाल अर्जनवीसाकडे जावे. ईदच्या सवलतीची जाहिरात, दुकानाच्या पाटीचा मजकूर, जीएसटीच्या एखाद्या शब्दाचा अर्थ, इंग्रजी पत्राचा नमुना. यात लपवण्यासारखे काय आहे? पण ग्राहकाचा फोन नंबर, मजुराचे आधार, कारखान्याने दिलेला नकाशा, भागीदाराची पत, रोग्याचा रिपोर्ट, हे माझे नव्हे. ते दुसऱ्याने माझ्याजवळ ठेवलेले आहे.

दुसरा प्रश्न, चूक झाली तर भरपाई कोण करणार? टेंडरचा आकडा, औषधाचे प्रमाण, कराराचे कलम येथे यंत्र कोणतेही असो, जाणत्या माणसाच्या सहीवाचून कागद बाहेर जाऊ नये.

तिसरा प्रश्न, हे काम रोजचे आहे काय? महिन्यातून दोन पत्रांसाठी कोणी मुनीम ठेवत नाही. पण रोज शंभर ग्राहक तेच ते दहा प्रश्न विचारत असतील, किंवा पन्नास ट्रकांची कागदपत्रे रोज शोधावी लागत असतील, तर स्वतःचा सहायक परवडेल.

या तीन प्रश्नांची उत्तरे मांडली, तर आपल्यापैकी बहुतेकांना सध्या स्वतःचे यंत्र करवून घेण्याची गरज नाही, असे आढळून येईल. मोठा खर्च सांगणारा विक्रेता दारात आला, तर "मजकूर कोठे साठवणार? उद्या मी सोडून गेलो तर माझे कागद परत मिळणार काय? हे करारात लिहून द्याल काय?" एवढे त्याला विचारावे. गरज आहे ती एका कागदाची. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर लिहावे: या दुकानातील कोणाचेही नाव, नंबर, आधार, बँक खाते, दर आणि करार फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नये. टाकणे भागच असेल तर नावे व आकडे काढून, 'अमुक मजूर', 'अमुक रक्कम' असे घालून टाकावे. आलेले उत्तर मोठ्या माणसाला दाखवावे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या ऑफिसात असा कागद असता, तर त्याची ती रात्र वाईट गेली नसती. दोष एकट्या पोराचा नव्हता. ज्याने काम दिले आणि नियम दिला नाही, त्याचाही होता.

कायदाही आता याच दिशेने निघाला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 साली मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी मूळ जबाबदारी सुटत नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याने मूल ठरतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा नियम आहे. म्हणून आम्हा शिक्षकांनीही जपून राहायला हवे. शिष्यवृत्तीची यादी मी आता नावे काढल्याखेरीज कोठेही टाकत नाही.

परंतु कायद्याच्या भीतीने हे करावे, असे माझे म्हणणे नाही. आपल्याला यासाठी नवा शब्द शिकण्याची गरज नाही. तो शब्द आपल्या घरात आहे: अमानत. हजरत पैगंबर (स.) तरुणपणी व्यापार करीत, तेव्हा मक्केचे लोक त्यांना 'अल-अमीन' म्हणत, म्हणजे विश्वासू. हा मान त्यांच्या व्यवहाराने त्यांना मिळवून दिला होता. आणि कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे. तिचा विषय कोणता? उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे, तो लिहिणारा लेखनिक आणि त्याचे साक्षीदार. लिहिणारा कोण आणि तो कसे लिहितो, ही बाब आपल्याकडे किती गंभीर मानली आहे, हे यावरून ध्यानात यावे. आज लेखनिक बदलला आहे. जबाबदारी बदललेली नाही.

साठ मजुरांपैकी एकालाही ठाऊक नव्हते की आपले आधार, आपले खाते त्या दिवशी कोठे जाऊन आले. त्यांनी कागद ठेकेदाराच्या हाती विश्वासाने दिला होता. गरिबाजवळ गुपिते थोडी असतात. ती तरी आपण सांभाळू नयेत काय?

शेवटी पालकांना एक विनंती. यंत्र वाईट म्हणून मुलांच्या हातून काढून घेऊ नका. माझ्या विद्यार्थ्याने तीन तासांचे काम दहा मिनिटांत केले, हेही खरेच आहे, आणि उद्या रांजणगाव-सणसवाडीच्या ऑफिसांत हेच कसब विचारले जाणार आहे. आपली मुलेमुली त्यात मागे राहता कामा नयेत. संस्थेने सुट्टीत आठ दिवसांचा वर्ग चालवावा. यंत्राला काय विचारावे हे एक दिवस शिकवावे, आणि काय सांगू नये हे सात दिवस. तो विद्यार्थी वर्ग घ्यायला तयार आहे. मी त्याला विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी माझीच गोष्ट सांगू का?" मी म्हटले, "सांग. दुसरी माझी सांग."



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.